छोटा शेतकरी माल घेऊन बाजारात केव्हा जातो?

"पिकविता येते, पण विकता येत नाही" ही तक्रार आपल्या बैठकांतून नेहमी ऐकू येते. तिला उत्तर म्हणून बहुधा एकच सल्ला दिला जातो. तो असा की, मध्यस्थ टाळा आणि स्वतः बाजारात जाऊन विका. सल्ला चांगला आहे. परंतु बाजार अगदी दाराशी असूनही अनेक छोटे शेतकरी तेथे जात नाहीत आणि काहीजण मात्र शंभर किलोमीटरवरून डोक्यावर पाटी घेऊन येतात. असे का होते, याचा विचार त्या सल्ल्यात नसतो. प्रस्तुत लेखात हाच विचार मुंबईच्या उपनगरांतील उदाहरणांवरून करावयाचा आहे.

मुंबईत शेती कोठे आहे, असे कोणी विचारील. अंधेरी व घाटकोपरचा परिसर १९५० साली आणि बोरिवली, मुलुंडचा १९५७ साली बृहन्मुंबईत आला. त्याआधी ही सारी साष्टीतील भातशेतीची व भाजीपाल्याची गावे होती. आज तेथे इमारती आहेत. तरीही गोरेगावच्या आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात सखल खाचरांत भात आणि उतारावर काकडी, शिराळी, पडवळ, भेंडी, भोपळा, अळू, माठ ही पिके घेतली जातात. गोराई, मनोरी या खाडीपलीकडील गावांतही भात व भाजीपाला होत आला आहे व तेथील माल तरीतून बोरिवली आणि मालाडकडे येतो. याशिवाय पालघर, सफाळे, डहाणू या बाजूने पश्चिम रेल्वेने आणि कसारा, कर्जत या बाजूने मध्य रेल्वेने छोटे उत्पादक पहाटेच्या गाडीने बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर पोहोचतात. त्यांत महिलाच अधिक असतात. लाखो गिऱ्हाईक असलेल्या बाजाराच्या इतक्या जवळ असलेला हा छोटा उत्पादक कसा वागतो, हे पाहिले तर पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

भात घरी, भाजी बाजारात

पहिली गोष्ट अशी की हा शेतकरी सर्व माल विकत नाही. पाड्यावरचे भात बहुतेक घरातच राहते, भाजी बाजारात जाते. याला काहीजण मागासलेपणा म्हणतात. तसे म्हणणे बरोबर नाही. त्यामागे सरळ हिशेब आहे.

समजा, भात विकले तर तांदळाच्या हिशेबाने किलोमागे २५ रुपये पडतात आणि तोच तांदूळ चार महिन्यांनी वाण्याकडून आणावयाचा झाल्यास ४० रुपये मोजावे लागतात. (हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.) मधले १५ रुपये वाहतूक, भरडाई आणि दुकानदाराचा नफा यांत जातात. ज्या घराला वर्षभराचे धान्य स्वतःच्या शेतातून जेमतेम पुरते, त्या घराने २५ रुपयांनी विकून ४० रुपयांनी परत घेणे हे तोट्याचे आहे. बाजारभाव २५ चा २८ झाला तरी हा शेतकरी भात विकावयास निघत नाही. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतील अंतर जितके मोठे, तितका छोटा शेतकरी त्या पिकाच्या बाजारापासून लांब राहतो. रेशनवरील धान्याची खात्री असेल, तर मात्र हे गणित बदलते. अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागले. पोटापुरता तांदूळ जर नक्की येणार असेल, तर त्या खाचराच्या बांधावर आणि उतारावर विक्रीची भाजी लावण्याचा धोका शेतकरी पत्करू शकतो. म्हणजे घरातील धान्याची शाश्वती हीच विक्रीच्या शेतीची पहिली अट ठरते.

भाजीचे तसे नाही. वीस किलो काकडी घरात कोणी खाऊ शकत नाही आणि ती टिकतही नाही. ती विकलीच पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की कोठे आणि कोणाला? पाड्यावर किंवा गावच्या स्टेशनावर घेणाऱ्या व्यापाऱ्याला, वाशीच्या घाऊक बाजारात, की स्वतः उपनगराच्या फुटपाथवर बसून?

भाव नव्हे, हाती उरणारा पैसा पाहावा

आपण चर्चा करतो ती भावाची. वाशीला आज काय भाव निघाला, बोरिवलीत काकडी काय भावाने गेली, असे आपण विचारतो. परंतु शेतकऱ्याच्या घरात भाव येत नाही, पैसा येतो आणि तो खर्च वजा जाऊन येतो. या खर्चात भाडे, हमाली, वाया गेलेला माल हे जसे येतात तसाच शेतकऱ्याचा वेळही येतो. वेळेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडून पाहू. खालील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, वाचकांनी आपापले घालावेत.

एका भगिनीकडे एका दिवशी २५ किलो शिराळी निघाली. पाड्यावर येणारा व्यापारी २५ रुपये किलोने सर्व घेतो. जागेवर ६२५ रुपये रोख मिळाले. खर्च काही नाही आणि सकाळी नऊ वाजता ती मोकळी झाली.

तीच शिराळी तिने बोरिवलीला नेली, तर भाव मिळतो ५० रुपये, म्हणजे दुप्पट. पण सर्व माल त्या भावाने जात नाही. २० किलो ५० रुपयांनी गेली, त्याचे १,००० रुपये झाले. संध्याकाळी उरलेली ३ किलो निम्म्या भावाने, म्हणजे ७५ रुपयांना द्यावी लागली. २ किलो सुकून, मोडून वाया गेली. एकूण आले १,०७५ रुपये. त्यातून टेंपोचे १२० रुपये, जेवण-चहाचे ६० आणि जागेच्या पावतीचे ३० असे २१० रुपये वजा केले असता ८६५ रुपये उरतात. व्यापाऱ्याला दिले असते त्यापेक्षा २४० रुपये जास्त. मात्र यासाठी नऊ तास गेले, म्हणजे तासाला २७ रुपये सुद्धा पडले नाहीत. त्या दिवशी भातलावणीची किंवा अन्य मजुरी आठ तासांना ४०० रुपये मिळत असेल, तर ती भगिनी बाजारात न जाता माल जागेवर देते आणि मजुरीला जाते. तिचे काही चुकत नाही. उलट त्या दिवशी कामच नसेल, तर २४० रुपये ही कमाईच आहे आणि ती बाजारात जाते. बाजारभाव दोन्ही दिवशी एकच होता, हे लक्षात घ्यावे.

आता दोघी शेजारणींनी माल एकत्र केला आणि एकीनेच बाजारात बसावयाचे ठरविले तर काय होते? ५० किलोपैकी ४२ किलो पूर्ण भावाने गेली, त्याचे २,१०० रुपये. ५ किलोचे निम्म्या भावाने १२५ रुपये. ३ किलो वाया गेली. एकूण २,२२५ रुपये. टेंपोला दुप्पट पैसे पडत नाहीत, १८० पडले. जेवण आणि जागा यांचे मिळून ९० धरले. हाती उरले १,९५५ रुपये. व्यापाऱ्याकडे ५० किलोचे १,२५० रुपयेच आले असते. फरक ७०५ रुपयांचा. नऊ तासांनी भागले तर तासाला ७८ रुपये पडतात, म्हणजे मजुरीपेक्षा पुष्कळ जास्त. शिवाय दुसरी भगिनी त्या दिवशी आपल्या शेतात किंवा कामावर राहिली.

पाहा, भाव बदलला नाही, अंतर बदलले नाही, बदलला तो एका खेपेतील माल. छोट्या शेतकऱ्याला बाजारापासून अडविणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या मालाचे थोडेपण होय. भाडे आणि दिवस हे दोन्ही खर्च पाटी लहान असली तरी जवळजवळ तेवढेच लागतात.

युगांडातील कॉफी उत्पादकांचा असाच अभ्यास फाफशां आणि हिल या अभ्यासकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे फिरता व्यापारी सायकलवर किंवा मोटारसायकलवर दारात येतो आणि बाजारात नेल्यास भाव अधिक मिळतो. विकावयाचा माल जास्त असेल आणि बाजार जवळ असेल तेव्हाच शेतकरी बाजारात जातो, असे त्यांना आढळले. ज्याच्या वेळेचे मोल जास्त असा सधन शेतकरी थोड्या मालासाठी तर सहसा जात नाही. पाड्यावरची आपली भगिनी कागदावर आकडे न मांडता जे करते, तेच हे झाले.

दुधाचे उदाहरण

याच आरे वसाहतीच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. मुंबईतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये ही वसाहत उभारण्यात आली. मुंबईच्या दूध योजनेला दूध कमी पडे. ते गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून येऊ लागले. तेथील उत्पादकांनी १९४६ मध्ये आपला सहकारी संघ नोंदविला होता आणि १९४८ पासून तो मुंबईला दूध पुरवू लागला. तोच पुढे 'अमूल' या नावाने सर्वांना माहीत झाला.

या संघाला दूध घालणाऱ्यांत एक-दोन म्हशी असलेले आणि सकाळी जेमतेम लिटरभर दूध आणणारेही होते. लिटरभर दूध घेऊन कोणी मुंबईला जाईल काय? पण दुधाचे केंद्र गावातच, चालत पाच-दहा मिनिटांवर असे. आणलेले सर्व दूध घेतले जाई, परत पाठविले जात नसे. फॅट पाहून भाव ठरे, त्यामुळे तोंड पाहून भाव करण्यास वाव नव्हता. पैसेही लवकर मिळत. या गोष्टी जमल्या आणि ज्याला आपण 'विक्रीयोग्य वाढावा नसलेला शेतकरी' म्हणत होतो, तो रोजचा विक्रेता झाला. त्याला कोणी बाजाराचे महत्त्व शिकविले नव्हते. थोड्या मालाचा खर्च संघाने आपल्या अंगावर घेतला, एवढेच.

भाजीला फॅट मोजता येत नाही, ती दुधापेक्षा अवघड आहे, हे मान्य. काकडी कोवळी की जून यावर वाद होतो. तरी प्रतवारी करून क्रेट भरणारे आणि ठरलेल्या ठिकाणी गाडी उभी करणारे गट जेथे झाले, तेथे हाच अनुभव येतो. परिस्थिती अशी आहे की, ज्या आरेत खेडा जिल्ह्यातील लिटरभर दुधाची सोय झाली, तेथीलच पाड्यावरची भाजी आजही ज्याची त्याला डोक्यावरून किंवा रिक्षातून न्यावी लागते.

घाऊक बाजार आणि पट्टी

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली आणि भाजीपाला व फळांचा बाजार १९९६ साली नवी मुंबईत वाशी-तुर्भे येथे गेला. त्याआधी भायखळ्याला भाजी उतरत असे आणि रेल्वेने येणाऱ्या छोट्या उत्पादकाला ते सोयीचे होते. बाजार खाडीपलीकडे गेल्यावर ट्रकभर माल असलेल्या नाशिक-पुण्याच्या शेतकऱ्याची सोय झाली. पालघर किंवा गोराईच्या दोन पाट्यांना मात्र तो बाजार दूर पडला. अशा वेळी दोन पाट्या घेऊन रात्रीचे वाशीला जाणे परवडत नाही. त्यामुळे हा माल एक तर जागेवर जातो, नाही तर थेट उपनगरातील किरकोळ गिऱ्हाइकाकडे.

ज्यांचा माल वाशीला जातो, त्यांनी पट्टी वाचावयास शिकावे. पट्टीवर नग, वजन, दर, भाडे, हमाली, तोलाई हे वेगवेगळे लिहिलेले असावे. फळे व भाजीपाल्याला २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त केले आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावयाची, असे ठरले. म्हणून पट्टीत आडत या नावाने किंवा दुसऱ्या एखाद्या नावाने कपात दिसल्यास विचारावे. विचारण्यात भांडण नाही.

नियमनमुक्ती झाली म्हणजे छोटा शेतकरी आपोआप बाहेर विकू लागेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. तिच्यामुळे दार उघडले खरे, पण दारापर्यंत जाण्याचा खर्च कायद्याने कमी होत नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या संत सावता माळी यांच्या नावाच्या शेतकरी आठवडे बाजारांचा उपयोग झाला तो प्रामुख्याने गट करून, गाडी भरून येऊ शकणाऱ्यांना. एकट्या पाटीवाल्या शेतकऱ्याला आठवड्यातून एक दिवस अपुरा पडतो, कारण भेंडी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडावी लागते.

येथे व्यापाऱ्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. तो सर्व काळ लुबाडतो, हे म्हणणे सोपे आहे. पण पावसाच्या दिवशी गाड्या बंद असताना जो माल उचलतो, रोख देतो, नासका माल आपल्या अंगावर घेतो, त्याचे काही मोल आहेच. खरी अडचण उचलीची आहे. पेरणीला, आजारपणाला किंवा लग्नाला ज्याच्याकडून उचल घेतली, माल त्यालाच द्यावा लागतो आणि भाव तोच सांगतो. अशा शेतकऱ्याला बाजारभाव कळला काय अन् न कळला काय, सारखेच. म्हणून आपल्या बचत गटाने बियाण्यापुरते आणि आजारपणापुरते कर्ज वेळेवर दिले, तर ते विक्रीचेच काम झाले असे समजावे. हे काम कर्जाच्या खात्यात धरले जाते, विक्रीच्या खात्यात नाही. ही आपल्या योजनांची उणीव म्हणावी लागेल.

भाव कळून काय होते?

हा मुद्दा महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. मोबाइलवर बाजारभाव व हवामानाचे संदेश पाठविणारी एक व्यावसायिक सेवा राज्यात २००७ पासून सुरू झाली. फाफशां आणि मिंटेन यांनी राज्यातील शंभर गावांत तिचा अभ्यास केला. काही गावांना सेवा मोफत दिली, काहींना नाही. टोमॅटो, कांदा, डाळिंब अशी पिके पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने काही लक्षणीय जास्त भाव मिळाला नाही.

याच्या उलट अनुभव केरळच्या मच्छीमारांचा. तेथे १९९७ नंतर मोबाइल आला आणि मासळी समुद्रात असतानाच कोणत्या बंदरावर भाव आहे हे कळू लागले. भावांतील तफावत कमी झाली, मासळी फेकून देणे थांबले, असे जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखविले. फरक कशात? मच्छीमाराची होडी वळवता येत होती. माल, वाहन आणि निर्णय तिन्ही एकाच्या हाती होते. आपल्या शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या टेंपोत, ठरलेल्या गाळ्यावर जातो. माहिती मिळूनही त्याला दुसरीकडे वळता येत नाही. तेव्हा भाव अवश्य विचारावा, पण वळण्याची सोय आधी करावी.

रस्ता, गाडी आणि बसण्याची जागा

लोकल गाडी ही उपनगरातील छोट्या उत्पादकाची खरी बैलगाडी आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली आणि त्या पट्ट्यातील पाटीवाल्या बायांना सोयीची गाडी मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल बंद पडली, तेव्हा याच महिलांचा माल शेतातच राहिला. बोरिवलीत भाजीला गिऱ्हाईक रांगा लावून उभे होते आणि पलीकडे शिवारात माल पडून होता. त्या दिवसांत ज्या गटांकडे स्वतःची किंवा भाड्याची गाडी होती, त्यांनी गृहनिर्माण संस्थांच्या दारात थेट भाजी पोहोचविली. त्यांतील काहींची गिऱ्हाइके पुढेही टिकली.

गाडीतून उतरल्यावरचा प्रश्न जागेचा. किरकोळ विक्रीत रोजची ठरलेली जागा म्हणजे अर्धा धंदा होय. गिऱ्हाईक त्याच कोपऱ्यावर त्याच बाईला शोधत येते. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर शेवळे निघते. ते घशाला खाजते म्हणून सोबत काकडाची फळे द्यावी लागतात. कर्टोली, टाकळा, कुर्डू यांचेही तसेच. या भाज्या ओळखणारी जुनी कुटुंबे ठरावीक विक्रेत्या महिलेची वाट पाहतात आणि तेथे घासाघीस फारशी होत नाही. जागा बदलली की हे गिऱ्हाईक तुटते.

दिनांक २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असल्याने ते समजण्यासारखे आहे. परंतु वीस किलोची पाटी घेऊन गाडीतून उतरणाऱ्या उत्पादकाला १५० मीटर म्हणजे गिऱ्हाइकाच्या वाटेवरून बाहेर जाणे होय. माल उचलून नेला जाईल या धास्तीने अनेकजणी दुपारपर्यंत न थांबता निम्म्या भावाने माल स्थानिक भाजीवाल्याला देऊन परतीची गाडी पकडतात. वरच्या हिशेबात ही धास्तीसुद्धा खर्च म्हणून धरावी लागते.

पथ विक्रेता अधिनियम २०१४ नुसार पाहणी, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद आहे. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. अडचण अशी की, वर्षातून चार महिनेच येणारा उत्पादक पाहणीच्या दिवशी सहसा जागेवर सापडत नाही. एकेकट्याने खटपट करण्यापेक्षा गटाच्या नावाने, सातबारा किंवा लागवडीचा अन्य पुरावा आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात हंगामी जागेची लेखी मागणी करावी. मंडईतील रिकामे ओटे सकाळच्या वेळी उत्पादकांना द्यावेत, अशीही मागणी करता येते. पोच घ्यावयास विसरू नये.

पैसा कोणाच्या हाती येतो

किरकोळ विक्रीची पसंती केवळ भावावर अवलंबून नसते. फुटपाथवर बसणाऱ्या महिलेच्या कमरेच्या पिशवीत रोजचा रोख पैसा असतो. त्यातून ती घरी जाताना तेल, मीठ, मुलांची वही घेते. तोच माल घाऊक गेला, तर पट्टी आठवड्याने येते आणि बहुधा घरच्या पुरुषाच्या हाती पडते. केनियात केळी उत्पादकांचे विक्रीगट झाले, विक्री वाढली, पण केळीच्या पैशावरील महिलांचा ताबा कमी झाला, असे फिशर व कैम यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे गट करताना हे टाळावे. माल जिने तोडला आणि वाहिला, तिच्याच नावाने खाते आणि तिच्याच हाती हिशेब असावा. नाहीतर गटाचा भाव चांगला असूनही ती फुटपाथ सोडणार नाही आणि दोष आपण तिच्या अडाणीपणाला देऊ.

माल कोणत्या दिवशी तयार होतो

शेवटी लागवडीविषयी. उतारावरची पावसाळी भाजी पहिल्या पावसावर सर्वजण एकदमच लावतात, ती एकदमच तोडणीस येते आणि भाव पडतो. उपनगरांतील मागणी मात्र तिथीप्रमाणे चालते. श्रावणात मांसाहार बंद असल्याने भाजी जास्त लागते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाची नसलेली, हाताने खणून लावलेल्या जमिनीतील भाजी लागते. अळू, भेंडी, काकडी, पडवळ, शिराळी, माठ यांचा त्या भाजीत मान असतो. पाड्यावर उतारात नांगर चालतच नाही, सारी लागवड कुदळीने होते. म्हणजे शहरातील गिऱ्हाईक शोधत असते तोच हा माल. "ही आमच्या हातची, कुदळीची भाजी" असे सांगून निवडक भाज्यांचे मिश्र वाटे लावल्यास वेगवेगळ्या विकण्यापेक्षा चांगले पैसे येतात. पाठोपाठ गौरीसाठी तेरडा व केळीची पाने, पितृपक्षात भोपळा, गवार, काकडी आणि दसऱ्याला झेंडू व आपट्याची पाने यांना मागणी असते.

यासाठी लागवडीचे दोन-तीन हप्ते करावेत. काकडी व भेंडी साधारण ४५ ते ५० दिवसांत, शिराळी ५५ ते ६० दिवसांत आणि पडवळ त्याहून थोडे उशिरा तोडणीस लागते. शिराळ्यासाठी कोकण हरिता आणि कारल्यासाठी कोकण तारा हे दापोली विद्यापीठाचे वाण कोकणच्या पावसाळी हवामानात चांगले येतात. पंचांग पाहून गणेश चतुर्थीची तारीख आधीच लिहून ठेवावी. ती ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येऊ शकते. चैत्र ते श्रावण या काळात अधिक महिना आलेल्या वर्षी सण उशिरा येतो. त्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसावर लावलेल्या काकडीचा मुख्य बहर ऋषिपंचमीच्या आधीच संपतो. अशा वर्षी निम्मे बियाणे राखून ठेवून ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, उघडीप पाहून, उंचवट्यावर आळी करून लावावे आणि वेल वर येताच मांडवावर किंवा कुंपणावर चढवावेत, म्हणजे फळे चिखलात कुजत नाहीत.